१०८ ची गाडी आणि आपलं गाव: बेसवर ओळख करण्यापासून फाट्यावर बॅटरी घेऊन उभं राहण्यापर्यंत

आमच्या अण्णांना रात्री पावणेदोनला छातीत कळ आली. चुलत भावाने १०८ लावला, पलीकडच्या बाईंनी गाव विचारलं याने सांगितलं, तालुका विचारला तोही सांगितला, खूण विचारली तर म्हणाला मारुतीच्या देवळापाशी या, आणि गाडी निघाली ती वेळेतच निघाली पण जाऊन थांबली नदीपलीकडच्या खुर्दला. आम्ही बुद्रुक. तिकडेही मारुती, इकडेही मारुती, दोन्हीकडे पुढ्यात पिंपळाचा पार. आम्हाला सायरन ऐकू येत होता हो, पाण्यावरून अगदी स्पष्ट, आणि गाडी काही येईना. पूल वरच्या अंगाला चार किलोमीटरवर. वहिनी अंगणात रडत होती आणि भाऊ फोनवर ओरडत होता, "अहो आलाय ना, मग दिसत का नाही!" अण्णा वाचले, दोन स्टेंट घेऊन आता रोज सकाळी पारावर बसून मला शेतीचे सल्ले देतात. पण त्या रात्री जो वेळ वाया गेला तो ना डॉक्टरमुळे गेला ना ड्रायव्हरमुळे, आमच्या अर्धवट पत्त्यामुळे गेला.

त्यानंतर आम्ही पाचसात जणांनी मनावर घेतलं. गेल्या तीन वर्षांत गावात आणि जवळच्या १०८ च्या बेसवर, म्हणजे गाडी उभी असते त्या जागी, काय काय केलं, काय जमलं, काय फसलं ते क्रमाने लिहितोय, कुणाला आपल्या गावात, वाडीवर नाहीतर शहरातल्या सोसायटीत करायचं असेल तर उपयोगी पडेल. मी डॉक्टर नाही, ऊस करणारा माणूस आहे, उपचाराबद्दल जे लिहिलंय ते बेसवरच्या डॉक्टर मॅडमनी आणि पीएचसीच्या (प्राथमिक आरोग्य केंद्राच्या) मेडिकल ऑफिसरांनी शिकवलं तेवढंच.

आधी आपली गाडी कुठे उभी असते ते शोधा

गावात दहा जणांना विचारा १०८ ची गाडी कुठून येते, नऊ जण म्हणतील "पुण्यावरून". त्यात थोडं खरंही आहे कारण फोन पुण्यातच उचलला जातो, औंधला कंट्रोल रूम आहे, सगळ्या महाराष्ट्राचे कॉल तिथे जातात आणि तिथून जवळच्या गाडीला निरोप जातो. २६ जानेवारी २०१४ ला ही सेवा आपल्याकडे सुरू झाली तेव्हा ९३७ गाड्यांची योजना होती, त्यात २३३ एएलएस आणि ७०४ बीएलएस. एएलएस म्हणजे ज्यात व्हेंटिलेटर, मॉनिटर वगैरे मोठी सामग्री असते ती, बीएलएस म्हणजे ऑक्सिजन, सक्शन, स्ट्रेचर, प्राथमिक औषधं असलेली. बाकीच्या बऱ्याच राज्यांत १०८ मध्ये टेक्निशियन असतो, आपल्याकडे डॉक्टर असतो, बहुतेक बीएएमएस. ड्रायव्हरला त्यांच्या भाषेत पायलट म्हणतात, तुम्हीही म्हणा.

गाडी जिथे उभी असते त्याला ते बेस किंवा लोकेशन म्हणतात. ग्रामीण रुग्णालय, उपजिल्हा रुग्णालय, पीएचसी, कुठे हायवेवरची पोलीस चौकी. आशाताईंना विचारलं की लगेच कळतं. तीन गोष्टी लिहून घ्या: सगळ्यात जवळचा बेस कुठला, ती गाडी दुसऱ्या केसवर असेल तर त्यानंतरचा जवळचा कुठला, आणि एएलएस कुठे असते. दुसरा प्रश्न लोक विचारतच नाहीत आणि मग "आमची गाडी तर दहा मिनिटांवर असते, आज चाळीस मिनिटं का लागली" म्हणून भांडतात. गाडी एक असते, गावं तीसचाळीस. ती ज्या दिवशी पेशंट घेऊन जिल्ह्याला गेलेली असेल त्या दिवशी तुम्हाला दुसऱ्या बेसची येणार, आणि त्या पायलटला तुमचं गाव माहीत नसणार, म्हणून तर पुढचा सगळा खटाटोप.

याच वेळी १०२ आणि १०८ मधला फरक गावाला एकदा नीट समजावून टाका. १०२ गरोदर बाईसाठी आणि वर्षाच्या आतल्या आजारी बाळासाठी, दवाखान्यात न्यायला आणि घरी सोडायलाही, फुकट. ती गाडी बहुतेक पीएचसीलाच असते. १०८ इमर्जन्सीसाठी, तीही फुकट, पण घरी सोडायला येत नाही आणि मयत न्यायला येत नाही, त्याला शववाहिका वेगळी. मारामारी, आग, पोलीस यासाठी ११२. मंडळाची किंवा पतसंस्थेची अँब्युलन्स असते ती चांगलीच आहे, पण तिच्यात बहुतेक वेळा एक ड्रायव्हर, एक खाट आणि एक सिलिंडर एवढंच असतं, डिस्चार्जला वापरा, छातीत दुखणाऱ्याला तिच्यात घालून साठ किलोमीटर नेऊ नका.

भेटायला जा, पण शाल-नारळ घेऊन नको

आम्ही पहिल्यांदा गेलो ते सरपंच, दोन सदस्य, शाल, श्रीफळ आणि फोटोवाला घेऊन. शाल उघडली, फोटोवाला म्हणाला जरा इकडे सरका, तेवढ्यात टॅबवर कॉल आला आणि डॉक्टर-पायलट दोघं गाडीत बसून गेले. आम्ही सहा जण शाल धरून उभे. सरपंच चिडले, पण चिडायचं काय त्यात.

दुसऱ्यांदा मी एकटा गेलो, दुपारी चारच्या सुमाराला, थर्मासमध्ये चहा घेऊन. शिफ्ट बदलायच्या वेळी जाऊ नका, तेव्हा सामान मोजणं, सिलिंडरचं प्रेशर बघणं, रजिस्टर भरणं चालू असतं. पहिल्या भेटीत काही मागू नका. फक्त विचारा, "आमच्या गावात आल्यावर तुम्हाला त्रास काय होतो?" मला वाटलं रस्ता खराब आहे म्हणतील. मॅडम म्हणाल्या, "दादा, तुमच्याकडे स्ट्रेचर वळत नाही."

मला कळेना. मग त्यांनी गाडीचं मागचं दार उघडून स्ट्रेचर बाहेर ओढून दाखवलं. पाय खाली पडतात, चाकं लागतात, आणि लांबी सहा फुटांच्या वर. म्हणाल्या तुमच्या जुन्या घरांत दार, लगेच बोळ, लगेच काटकोनात जिना, तिथे हे वळवता येत नाही, मग आम्ही पेशंटला चादरीत उचलून आणतो आणि चादर धरायला आलेल्या चौघांपैकी दोघं मधेच मोबाइल काढतात. दुसरं एक दाखवलं, स्कूप स्ट्रेचर, ते मधोमध उभं दोन भागांत सुटतं, एक भाग पेशंटच्या डावीकडून सरकवायचा एक उजवीकडून आणि खाली खटकन जोडायचा, म्हणजे माणसाला न हलवता उचलता येतं. मी खिशातली टेप काढून मापं घेतली. घरी येऊन बघतो तर आमच्याच माजघराच्या दारातून ते स्ट्रेचर गेलं नसतं, कारण दाराआड धान्याची कोठी. कोठी दुसऱ्या दिवशी हलवली. तुम्हीही जा तर टेप घेऊन जा.

एक चूक मात्र जवळजवळ प्रत्येक गाव करतं. ओळख झाली की लोक पायलटचा नंबर सेव्ह करतात आणि पुढच्या वेळी १०८ न लावता थेट त्याला फोन. त्याला कंट्रोल रूमच्या निरोपाशिवाय गाडी हलवता येत नाही, तो कदाचित सुट्टीवर झोपलेला असेल, कदाचित गाडीत पेशंट असेल, आणि तुमची पाच मिनिटं गेली. कॉल कायम १०८ वरच. ओळखीचा उपयोग पत्ता, सराव, रस्ता यासाठी.

अजून एक, त्यांच्या बसायच्या जागेकडे बघा. आमच्या बेसवर बारा तासांच्या शिफ्टला बसायला धड खोली नव्हती, पावसात गाडीतच बसायचे, आणि लेडी डॉक्टर असेल तर बाथरूमचा प्रश्न, तो कुणी बोलत नाही पण असतो. आम्ही शेजारच्या दोन गावांना घेऊन पिण्याच्या पाण्याचा जार, एक पंखा आणि खोलीची किल्ली एवढं करून दिलं. रुग्णालयाच्या आवारात काहीही करायच्या आधी तिथल्या प्रमुख डॉक्टरांची परवानगी घ्या, नाहीतर उगाच वाद.

पत्त्याचा कागद

सगळ्या कामातलं हे सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात जास्त फायद्याचं. आमच्याकडे प्रत्येक वस्तीचा वेगळा कागद आहे, लॅमिनेट केलेला, दारामागे, किराणा दुकानात, पिठाच्या गिरणीत, डेअरीवर आणि शाळेत लावलेला. मोठ्या अक्षरात. वरपासून खाली या क्रमाने:

जिल्हा, तालुका, मग गाव बुद्रुक की खुर्द सकट. पिंपळगाव, वडगाव, पिंपरी असलं नाव असेल तर एकाच जिल्ह्यात चारपाच सापडतात, तेव्हा "अमुक पीएचसीच्या हद्दीतलं" किंवा "अमुक साखर कारखान्याजवळचं" हेही लिहा. मग वस्तीचं नाव. मग डांबरी रस्त्यावरून आत वळायची खूण, आणि खूण अशी पाहिजे की ती एकच असेल आणि रात्री दिसेल. देवळाची खूण देऊ नका, देऊळ सगळीकडे असतं. "बंद पडलेला पेट्रोल पंप", "निळी पाण्याची टाकी", "मोबाइल टॉवर" हे बरं. बाहेरच्याला न समजणारी खूण तर अजिबात नको, आमच्या पहिल्या कागदात "जिथे आबांची म्हैस पडली होती तो खड्डा" असं होतं, विनोद नाही, खरंच होतं. त्याच्याखाली गूगल मॅपचा प्लस कोड. मॅपवर आपल्या घरावर बोट दाबून धरलं की तो कोड दिसतो, पोरं दोन मिनिटांत काढून देतात. हायवेला लागून असाल तर जवळच्या दगडावरचा किलोमीटरचा आकडा आणि कोणत्या गावाकडे जाणारी बाजू.

राज्याच्या सीमेवरची गावं असतील, म्हणजे सावंतवाडी, चंदगड, जत, गडहिंग्लज इकडची, तर अजून एक घोळ. गोवा आणि कर्नाटकातही नंबर १०८ च आहे, आणि तुमचा मोबाइल पलीकडच्या टॉवरला लागलेला असेल तर फोन तिकडे लागू शकतो. तिथल्या कागदावर पहिली ओळच "मी महाराष्ट्रातून बोलतोय" अशी छापून टाका.

कागदाच्या खालच्या अर्ध्या भागात फोनवर काय बोलायचं ते. घाबरलेला माणूस सगळं विसरतो, त्याला वाचता येईल असं पाहिजे:

"मी अमुक बोलतोय. पत्ता असा असा. पेशंट पुरुष, वय साधारण ६०. छातीत दुखतंय, घाम आलाय. शुद्धीत आहे. श्वास चालू आहे. हाच माझा नंबर, मी फोन मोकळा ठेवतो."

शेवटचं वाक्य फार महत्त्वाचं. कॉल झाला की पायलटचा उलटा फोन त्याच नंबरवर येतो आणि तोपर्यंत आपला गडी मुंबईच्या काकांना, सासुरवाडीला, सगळ्यांना फोन लावत बसलेला असतो, एंगेज. नातेवाइकांना दुसऱ्या मोबाइलवरून सांगा. आणि पलीकडची बाई चार प्रश्न विचारते म्हणून चिडू नका, लोकेशन टाकल्याबरोबर एकीकडे निरोप जातो आणि एकीकडे प्रश्न चालू असतात.

सराव करताना खरा १०८ लावू नका! आमच्या शाळेतल्या एका उत्साही सरांनी मुलांना लावायला लावला होता. एकमेकांना फोन करून करायचा, एक मूल कंट्रोल रूम, एक घरातलं. चौथीची पोरं मोठ्यांपेक्षा छान सांगतात, अजिबात घाबरत नाहीत.

फाट्यापासून दारापर्यंत

डांबरीवर गाडी ऐंशीने येते आणि शेवटच्या एक किलोमीटरात दहा मिनिटं घालवते. त्या एक किलोमीटरावरून एकदा दिवसा आणि एकदा रात्री चाला, शक्य असेल तर पायलटला सुट्टीच्या दिवशी बोलवून मोटरसायकलवर फिरवा. आम्ही फिरवलं तर त्यांनी अशा गोष्टी दाखवल्या ज्या आम्ही रोज बघून बघून आम्हाला दिसतच नव्हत्या. गावाच्या कमानीची उंची. म्हसोबा वस्तीकडे लोंबणारी वायर. वळणावर कायम लावलेली उसाची ट्रॉली. एका ठिकाणी मोरीवरचा पाइप फुटलेला, ट्रॅक्टर जातो म्हणून कुणाला फिकीर नाही, पण ट्रॅव्हलरसारखी लांब गाडी तिथे पोट टेकवणार. आणि गाडी वळवायला जागा कुठे आहे, कारण आत शिरली आणि पेशंट घेऊन अर्धा किलोमीटर रिव्हर्स, हे किती वेळा होतं विचारा त्यांना.

आम्ही काय केलं तर सात वस्त्यांना सात पाट्या, वर रिफ्लेक्टरची टेप, तीच जी ट्रॉलीच्या मागे लावतात. पाटीवर नाव आणि बाण, बाकी काही नाही, पहिल्या पाट्यांवर नेत्यांचे फोटो टाकायचं घाटत होतं ते हाणून पाडलं. प्रत्येक वस्तीची एक थांबायची जागा ठरवली. पावसाळ्यात चार वस्त्यांपर्यंत गाडी जातच नाही, चिखल, तिथे "जून ते ऑक्टोबर पेशंटला इथपर्यंत आणायचं" अशी जागा वेगळी, आणि आणायला कुणाचा ट्रॅक्टर, कुणाची जीप ते नावानिशी.

प्रत्येक वस्तीत बॅटरीवाले दोन. काम एकच, फोन झाला की फाट्यावर जाऊन उभं राहायचं, बॅटरी गाडीच्या काचेवर मारायची नाही, जमिनीवर हलवायची, आणि गाडी आली की पुढे मोटरसायकल घालून दारापर्यंत न्यायचं. कुत्री बांधणं हेही त्यांचंच काम. डॉक्टर मॅडमना एकदा कुत्रं चावलंय आमच्या शेजारच्या गावात, तेव्हापासून हा नियम.

जत्रेचं वेगळं बघा. जत्रेच्या, गणपतीच्या, लग्नसराईच्या दिवसांत मांडव रस्त्यातच पडतो. मांडवाला परवानगी देतानाच दहा फूट रस्ता मोकळा ही अट घाला आणि सायरन ऐकू आला की डीजे बंद, हे मंडळाच्या पोरांनाच सांगा, त्यांना जबाबदारी दिली की ते पोलिसांपेक्षा कडक होतात. मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने अँब्युलन्सची वाट अडवल्याबद्दल १०,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही आहे, कलम १९४ ई, हे एकदा माइकवरून सांगून ठेवायला हरकत नाही.

गाडी येईपर्यंतची मिनिटं

शिबिरासाठी पीएचसीच्या मेडिकल ऑफिसरांच्या नावे साधा अर्ज द्या, ग्रामपंचायतीच्या लेटरहेडवर. १०८ ची टीम ड्युटीवर असताना कधीही उठून जाऊ शकते, म्हणून शिकवणारे दोन ठेवा, एक पीएचसीचा. भाषण नको, हात चालवायला लावा. आमच्याकडे पुतळा नव्हता, मग ट्रॅक्टरची ट्यूब अर्धी भरून तिच्यावर घोंगडी टाकली आणि तिच्यावर सीपीआर, म्हणजे हृदय थांबलं तर छाती दाबत राहणं, शिकलो. शुद्ध नाही आणि श्वास नीट नाही (उचकी दिल्यासारखा अधूनमधून घेतोय तोही नीट नाहीच) तर फोन स्पीकरवर टाकून छातीच्या मधोमध तळवा, त्यावर दुसरा, कोपर ताठ, पाच-सहा सेंटिमीटर खोल, मिनिटाला १०० ते १२० वेळा, प्रत्येक दाबानंतर छाती पूर्ण वर येऊ द्यायची. दोन मिनिटांत पैलवान गडी घामाघूम होतो, म्हणून माणसं बदलत राहायची. ते स्वतः केल्याशिवाय पटत नाही.

बाकी गावाकडच्या केसेसमध्ये काय करायचं यापेक्षा काय करायचं नाही हेच जास्त आहे.

साप चावला तर बांधायचं नाही, कापायचं नाही, चोखायचं नाही, देवळात नेऊन बसवायचं नाही. आमच्याकडे एकाचा पाय सुतळीने इतका आवळला होता की सापापेक्षा सुतळीनेच घोटाळा केला. पेशंटला चालवू नका, चावलेला हात किंवा पाय काठीला बांधून हलणार नाही असा ठेवा, अंगठी, बांगड्या, जोडवी, घड्याळ सूज येण्याआधी काढा आणि चावल्याची वेळ लिहा. साप मारून पिशवीत घालून न्यायची गरज नाही, नाग, मण्यार, घोणस, फुरसं या चारही सापांवर लस एकच आहे. मण्यारचं लक्षात ठेवा, रात्री झोपेत चावतो, दुखत नाही, खूणही धड दिसत नाही, पहाटे पोटात दुखतं आणि डोळ्यांच्या पापण्या मिटायला लागतात. जमिनीवर झोपणाऱ्याला असं झालं तर ॲसिडिटी म्हणून सोडा पाजत बसू नका. ही लस आपल्या पीएचसीला आहे की ग्रामीण रुग्णालयालाच, हे मे महिन्यातच विचारून ठेवा.

फवारणीचं औषध पोटात गेलं तर मिठाचं पाणी पाजून उलटी काढायची नाही. कपडे काढा, साबणाने अंग धुवा, धुणाऱ्याने हातात प्लॅस्टिकच्या पिशव्या घाला, आणि औषधाची बाटली लेबलसकट गाडीत द्या, डॉक्टरला त्याच नावावरून उपचार ठरवायचा असतो.

फीट आली तर चप्पल नाही, कांदा नाही, दातात चमचा नाही. आजूबाजूचं सामान बाजूला, कुशीवर वळवा, किती वेळ चाललीय ते बघा. मोटरचा शॉक लागला तर आधी स्टार्टर-मेन बंद, मग माणूस. अपघातात रक्त वाहत असेल तिथे स्वच्छ कापड घट्ट दाबून धरा, पाणी पाजू नका, आणि गाडी पेटायचा धोका नसेल तर हातपाय धरून जीपमध्ये कोंबू नका. तोंड वाकडं, एक हात पडला, बोबडं बोलतोय, तर तो लकव्याचा झटका, "शेवटचा धड कधी होता" ती वेळ सांगा, कारण गुठळी विरघळवायचं इंजेक्शन साडेचार तासांच्या आतच देतात. छातीत दुखणाऱ्याला जिना उतरवत चालवत आणायचं नाही आणि मोटरसायकलवर तर मधे बसवून मुळीच नाही, अण्णांना आम्ही तेच करणार होतो.

अपघातात मदत करायला लोक पोलिसांच्या झंझटीला भितात. ३० मार्च २०१६ ला सुप्रीम कोर्टाने मदत करणाऱ्याच्या संरक्षणाचे नियम पक्के केले आणि मग ते कायद्यातच आलं, कलम १३४ ए. मदत करणाऱ्यावर केस होत नाही, नाव-पत्ता देण्याची सक्ती करता येत नाही. शिवाय २०२५ पासून रस्ते अपघातातल्या जखमीला ठरलेल्या हॉस्पिटलात सात दिवसांपर्यंत दीड लाखांचा कॅशलेस उपचार आहे. हे दोन्ही आम्ही फाट्यावरच्या टपरीत चिकटवलंय, कारण तिथे पहिली पोचणारी माणसं तीच.

गाडी दारात आल्यावर

एकानेच बोलायचं, आणि ज्याने प्रत्यक्ष बघितलं त्याने. घरातला मोठा म्हणून जो पुढे येतो त्याला बहुतेक काहीच माहीत नसतं. चालू गोळ्यांची पिशवी, जुनी फाइल, आधार, रेशनकार्ड हे एका कापडी पिशवीत दाराला टांगलेलं असू द्या, साठीच्या पुढच्या सगळ्या घरांत आम्ही आशाताईंबरोबर फिरून या पिशव्या करून घेतल्या. रेशनकार्ड जनआरोग्य योजनेसाठी लागतं आणि नेमकं तेच कपाटात कुलूपबंद असतं. सोबत एकच जण, दुसरा मागून.

आणि कुठल्या हॉस्पिटलला न्यायचं यावर दारात वाद घालू नका. १०८ पेशंटच्या तब्येतीप्रमाणे जवळच्या योग्य ठिकाणी नेते, तुमच्या ओळखीच्या डॉक्टरकडे शंभर किलोमीटर नेणं त्यांच्या हातात नसतं. तिथे स्थिर केल्यावर पुढे हलवायचं ते बघू, असं म्हणा.

पैसा, ठराव आणि तक्रार

फार खर्च नाही. प्रत्येक महसुली गावाला गाव आरोग्य, पोषण, पाणीपुरवठा व स्वच्छता समिती असते, सरपंच, अंगणवाडी सेविका, आशा सगळे तिच्यात असतात आणि तिला दरवर्षी थोडा अबंधित निधी येतो. कागद, लॅमिनेशन, बॅटऱ्या त्यात बसल्या. पाट्या गणपती मंडळाने दिल्या. मोरीचं काम ग्रामसभेत घातलं, १५ ऑगस्टच्या, कारण त्या दिवशी गर्दी असते. ठरावात मोघम "आरोग्य सुविधा सुधारणे" असं लिहू नका, "अमुक वस्तीकडच्या मोरीचा पाइप बदलणे, १०८ ची गाडी जाण्यासाठी" असं लिहा म्हणजे पुढच्या सभेत विचारता येतं.

एक वही ठेवा. तारीख, फोन किती वाजता, गाडी किती वाजता, कुठे अडली. आमची वही आशाताईंकडे असते. तक्रार करायची वेळ आली तर ही वही घेऊन तालुका आरोग्य अधिकाऱ्यांकडे किंवा जिल्हा शल्यचिकित्सकांकडे जा, व्हॉट्सॲपवर डॉक्टरचा व्हिडिओ फिरवून काही होत नाही, झाला तर पुढच्या वेळचा सलोखा बिघडतो. आम्ही स्वतः एकदा वही घेऊन तणतणत निघालो होतो, वाटेत नीट वाचली तर सातपैकी पाच उशीर आमच्याच फाट्यावरचे निघाले, बॅटरीवाला जागेवर नव्हता म्हणून. परत आलो गुपचूप.

खुर्दवाल्यांनाही त्यांचा कागद आम्हीच करून दिला. त्यांनी वरती लाल अक्षरात छापून घेतलंय, "पूल ओलांडू नये".

म्हसोबा वस्तीवरची वायर मात्र अजून तशीच लोंबतेय. अर्ज दोनदा झाला, वायरमन येऊन बघून गेला. तोवर त्या वस्तीच्या कागदावर हाताने लिहिलंय की गाडी विहिरीपाशी थांबेल, तिथून पुढे स्ट्रेचर चालत, चार माणसं लागतील, आणि खाली चौघांचे मोबाइल नंबर.